ढब्बूची शुगर, माझी सिस्टिम

४ फेब्रुवारी

ढब्बूला डायबेटिस निघाला.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढे सरकवला आणि हळू आवाजात सांगितलं. बायकोचा चेहरा पडला. मी मात्र शांत होतो. शेवटी हा आजार म्हणजे काय? मोजायचं, नोंदवायचं, दुरुस्त करायचं. पंपांच्या कारखान्यात मी आयुष्यभर दुसरं काय केलंय? गेज-रूमचा प्रमुख आहे मी. प्रेशर गेज असो, थर्मामीटर असो की वजनकाटा, माझ्या सहीचं स्टिकर असल्याशिवाय कारखान्यात एकही उपकरण चालू होत नाही. आता त्यात एका बोक्याची भर पडली, एवढंच.

लक्षणं लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडतील. घटाघटा पाणी पिणे. सारखं लघवीला जाणे. खाणं भरपूर, तरी वजन कमी. दुपारी मरगळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरच्यांच्या हे पटकन लक्षात येत नाही. माझ्या आलं असतं, पण हल्ली दुपारनंतर मीच इतका दमलेला असतो.

हवा यंदा फार कोरडी आहे. पाण्याचा आणखी एक जग आणायला हवा. घरचा जग मला एकट्यालाच पुरत नाही.

५ फेब्रुवारी

सिस्टिम तयार. इन्सुलिन दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, जेवणाबरोबर. सकाळी सात, संध्याकाळी सात. कोरडा खाऊ बंद, डब्यातला ओला मांसाचा खाऊ सुरू. जेवला नाही किंवा उलटी झाली तर इंजेक्शनआधी फोन करायचा. डोस स्वतःच्या मनाने बदलायचा नाही, हे डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं आणि दर वेळी माझ्याकडेच बघून सांगितलं. जबाबदार माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतो.

फ्रिजवर तक्ता लावला. तारीख, वेळ, खाणं, शुगर, डोस, शेरा, सही. बायकोने विचारलं, बोका सही कशी करणार. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला शंका फार येतात.

शिवाय 'घरगुती मधुमेही मांजर : कार्यपद्धती, आवृत्ती पहिली' लिहायला घेतली. पहिला नियम : टोचल्यावर उकडलेल्या चिकनचा एक तुकडा बक्षीस द्यायचा, म्हणजे पुढच्या वेळी पेशंट स्वतःहून येतो. हा नियम मला आपोआप सुचला. मानसशास्त्राची जाण उपजतच असावी लागते.

६ फेब्रुवारी

इंजेक्शनचा सराव संत्र्यावर करा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. साधं पाणी भरून सराव केला. पहिलं संत्रं जरा हाललं, पण नंतर हात बसला. अख्खी पिशवी झाली. टोचलेली संत्री टाकून द्यायची नाहीत म्हणून खाल्ली.

संध्याकाळी सात. ढब्बू वाटीत तोंड घालून जेवत होता. मी सिरिंज हातात घेतली, मानेमागची सैल कातडी चिमटीत धरली आणि मग माझ्या लक्षात आलं की कोणीतरी निरीक्षकाचं कामही करायला हवं. ते मी घेतलं. बायकोने टोचलं. ढब्बूला पत्ताच नाही, तो जेवतच राहिला.

शेऱ्याच्या रकान्यात बायकोने लिहिलं : 'बोका शांत. हे बाल्कनीत.'

८ फेब्रुवारी

इन्सुलिन जास्त झालं तर शुगर एकदम खाली जाते. मांजर झोकांड्या खायला लागतं, कधी बेशुद्धही पडतं. अशा वेळी हिरड्यांना मध चोळायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरात मधाची छोटी बाटली ठेवा.

एकच बाटली? बॅकअप नको? मध, ग्लुकोजची पावडर, जॅम आणि क्रीमची बिस्किटं असा साठा आणला. पत्र्याच्या डब्यात भरून वर चिठ्ठी लावली : 'इमर्जन्सी – ढब्बू'. बायकोने विचारलं की मांजर क्रीमची बिस्किटं खातं का. मी सांगितलं, अशा प्रसंगी घरची माणसंही खचतात.

१३ फेब्रुवारी

साठा पडून राहू देऊ नये. जुना आधी वापरायचा आणि जागी नवा भरायचा, हे स्टोअरचं साधं तत्त्व आहे. आज संध्याकाळी बिस्किटांचा जुना पुडा संपवला. जॅमही तपासला. क्वालिटी उत्तम.

नवीन पुडा उद्या.

१६ फेब्रुवारी

जिन्यात घड्याळ भेटले. हे वरच्या मजल्यावरचे शेजारी. त्यांचं खरं नाव काहीतरी वेगळं आहे, पण सकाळी त्यांच्या कुत्र्याची साखळी जिन्यात वाजली की लोक आपली घड्याळं लावतात. त्यांच्या काळ्या लॅब्राडोर कुत्रीलाही डायबेटिस आहे, बऱ्याच वर्षांपासून. मी त्यांना सिस्टिमबद्दल विचारलं. म्हणाले, सिस्टिम कसली, डॉक्टर सांगतात तेवढं करतो.

मला माणसाची कीव आली. इतकी वर्षं झाली आणि स्वतःचा असा एकही विचार नाही. तक्तासुद्धा नाही, साधं कॅलेंडर आहे. कुत्री मात्र तुकतुकीत आहे. नशीब असतं एकेकाचं.

१९ फेब्रुवारी

आज मोठा दिवस. घरी शुगर मोजायचं मीटर आलं. खास कुत्र्या-मांजरांसाठीचं. कानाच्या कडेला बारीक टोचायचं, थेंबभर रक्त पट्टीला लावायचं, आकडा येतो. बायकोने टोचलं, मी टॉर्च धरला. डोळे मिटूनही टॉर्च धरता येतो.

आकडा ३२२. बायको म्हणाली, अजून जास्तच आहे, डॉक्टरांना कळवू. मी म्हटलं, थांब. हे मीटर कॅलिब्रेट कोणी केलंय?

ती खोकं उलटसुलट करून बघू लागली. अपेक्षित होतं. जग असंच चालतं, कोणीतरी आकडा दाखवतं आणि लोक विश्वास ठेवतात. माझ्या गेज-रूममध्ये असं चालत नाही. तिथे कुठलंही उपकरण आलं की आधी मास्टरवर लावायचं. मास्टर म्हणजे ज्याचं माप खरं आहे याची आपल्याला खात्री असते, ते. मास्टर काय म्हणतो, उपकरण काय म्हणतं, फरक किती. तेवढी दुरुस्ती प्रत्येक आकड्यात करायची.

आता घरात मास्टर कोण? शुगर अगदी नॉर्मल असलेलं कोणीतरी हवं.

उत्तर आरशात दिसलं. उभ्या आयुष्यात मी डॉक्टरची पायरी चढलो नाही. ढब्बूला घेऊन गेलो तेवढीच.

२२ फेब्रुवारी

प्रयोग केला. बायको शाळेत होती. स्वतःचं बोट टोचायला बराच वेळ लागला, पण शास्त्रासाठी सगळं.

मीटरने माझी शुगर २९४ दाखवली.

हसूच आलं. मला शंका होतीच. पुन्हा टोचलं, २८८. म्हणजे मीटर चुकतंय, पण दर वेळी सारखंच चुकतंय. आमच्या क्षेत्रात अशी चूक म्हणजे वरदान, कारण ती एका वजाबाकीत दुरुस्त होते. माझी खरी शुगर शंभर धरली, तर मीटर जवळजवळ एकशे नव्वद जास्त दाखवतंय. म्हणजे ढब्बूची परवाची खरी शुगर झाली १३२. बोका जवळपास बरा आहे.

त्या आनंदात इमर्जन्सी साठ्याची थोडी अदलाबदल केली.

२३ फेब्रुवारी

बायकोला फक्त दुरुस्तीचा आकडा सांगितला, पद्धत सांगितली नाही. पद्धत सांगायची तर शास्त्रीय पार्श्वभूमी लागते. ती म्हणाली, तक्त्यात मीटरचा आकडाच लिहायचा आणि डोस डॉक्टरांनी सांगितलेलाच द्यायचा. शेवटी तडजोड झाली : दोन रकाने. तिचा 'शुगर', माझा 'खरी शुगर'.

२७ फेब्रुवारी

पँट सैल झाली. पट्ट्याला नवीन भोक पाडलं. ढब्बूमागची धावपळ कामी आली म्हणायची. ऑफिसात स्टोअरकीपर म्हणाला, साहेब बारीक झालात, बरं आहे ना. जळतात लोक.

चष्मेवाल्याकडेही जाऊन आलो. सकाळी लांबचं अंधुक, संध्याकाळी जवळचं अंधुक. तो म्हणाला, नंबर असा आठवड्यात बदलत नाही, एकदा शुगर तपासून घ्या. त्याच्या मशीनवर स्टिकर पाहिलं. कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेलेली. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

२ मार्च

बायको शाळेच्या कॅम्पला चालली, दोन आठवडे. मुलं, तंबू, डोंगर. जाताना ढब्बूच्या डोक्यावरून हात फिरवत सगळं पुन्हा समजावून गेली. मला समजावत होती, बघत मात्र ढब्बूकडे होती.

लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. म्हणाली, "बाबा, तू फक्त सांगितलेलं कर. त्यात सुधारणा करू नकोस." मी हो म्हटलं. मुलांना वाटतं आपल्याला काही कळत नाही.

३ मार्च

सकाळी सात. आज मी स्वतः टोचलं. डोळे उघडे ठेवून. निम्मे. ढब्बूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि परत वाटीत तोंड घातलं. चिकनचा तुकडा दिला. इमर्जन्सी समजून मधही काढला. अर्थात माझ्यासाठी.

या घरात आता एक प्रशिक्षित माणूस आहे.

४ मार्च

संध्याकाळी सात. मीटर २७९. वजाबाकी करून खरी शुगर ८९.

एकोणनव्वद. आणि त्यावर इन्सुलिन द्यायचं? ढब्बू जागेवर आडवा होईल. शुगर कमी असताना इन्सुलिन धोक्याचं, हे डॉक्टरीणबाईंचंच वाक्य आहे. त्यामुळे डोस दिला नाही. मी त्यांचंच ऐकतोय.

न टोचण्यात एक शांतता असते. दोघांनाही.

५ मार्च

सकाळी मीटर ३२०, खरी १३०. द्यावं की नाही, असा आकडा. दिलं नाही. संध्याकाळीही नाही. ट्रेमधली वाळू बदलून बदलून कंबर धरली. मी आणि ढब्बू दोघं मिळून चिक्कार पाणी प्यायलो. हवा कोरडीच आहे.

बायकोचा फोन आला. सगळं कंट्रोलमध्ये असल्याचं सांगितलं. तिने विचारलं, डोस वेळेवर देताय ना. मी सांगितलं, वेळ एकदम काटेकोर पाळतोय.

कार्यपद्धतीला नवीन प्रकरण जोडलं : 'मीटरवर आंधळा विश्वास नको'. डॉक्टरीणबाई प्राणी पाळणाऱ्यांचा मेळावा घेणार आहेत. तिथे हे वाचून दाखवावं म्हणतो.

६ मार्च

ढब्बू आज अळंटळं करतोय खायला. चालताना मागचे पाय सपाट टेकवतो, सशासारखे. बसून राहण्याचा परिणाम असावा. उद्यापासून त्याला व्यायाम.

७ मार्च, दुपार

व्यायाम नाही. काहीच नाही.

सकाळी सातला वाटी वाजवली तर ढब्बू आला नाही. सोफ्यामागे पडून होता. उचलला तर अंग सैल, डोळे उघडे पण बघत नव्हते. तोंडाला कसलासा आंबट-गोड वास. वाटीला तोंड लावेना. पाणीसुद्धा नको. ढब्बूला पाणी नको.

वजाबाकी डोक्यातून गेली. त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मी जिना चढून वर पळालो. खाली गाडी असताना वर का पळालो, ते आत्ता लिहितानाही कळत नाही. घड्याळ दार उघडून उभेच होते. त्यांनी हातातली साखळी खुंटीला अडकवली. त्यांच्या कुत्रीच्या फिरण्याची वेळ होती, ती त्यांनी चुकवली. पहिल्यांदाच असेल. गाडी त्यांनी चालवली. मी मागे ढब्बूला मांडीवर घेऊन बसलो होतो आणि त्याला सांगत होतो की सगळं कंट्रोलमध्ये आहे.

डॉक्टरीणबाईंनी शुगर पाहिली. त्यांच्या मोठ्या मशीनवर ४७०. आत नेऊन सलाईन लावलं. मग बाहेर येऊन विचारलं की डोस कधीपासून बंद आहे. मी त्यांना पद्धत समजावून सांगितली. कागद मागून आकृतीही काढली. बाणांसकट आकृती स्वच्छ आली.

त्यांनी ती नीट पाहिली.

"काका, यात मास्टर कोण होतं?"

"मी."

डॉक्टरीणबाईंनी आकृती घडी करून खणात ठेवली. मग म्हणाल्या, "हे मीटर मांजराचं आहे, माणसावर थोडं जास्त दाखवू शकतं. पण इतकं नाही. तुम्ही उद्याच्या उद्या उपाशीपोटी रक्त तपासून घ्या."

नोंद : मीटर जास्त दाखवतं हे त्यांनी स्वतः कबूल केलं.

७ मार्च, संध्याकाळ

ढब्बूला तिथेच ठेवलंय. रक्तात काहीतरी साचलंय, आजची रात्र महत्त्वाची, असं म्हणाल्या.

सातला सवयीने ढब्बूच्या खाऊचा डबा उघडला. वाटीत काढलं. वाटी जमिनीवर ठेवली आणि मग आठवलं. इमर्जन्सीचा डबा समोर होता. हात लावला नाही.

मी रडलो. लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. तो मला सोफ्यावरून उठू द्यायचा नाही, माझ्या पोटावर झोपायचा, आणि मी त्याचा डोस एका वजाबाकीवर बंद केला.

बायकोला फोन करून सगळं सांगितलं. जवळपास सगळं.

८ मार्च

दवाखान्यातून फोन. ढब्बूने सकाळी डोकं वर उचललं. नर्सला पंजा मारला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंजा मारला हे फार चांगलं लक्षण आहे.

घड्याळांना सांगायला वर गेलो. त्यांनी हातात हात घेतला. त्यांची कुत्री माझा हात चाटत राहिली. घामाला गोड वास येत असावा, असं ते म्हणाले. गंमत करायची सवय नाही त्यांना.

रक्त तपासायला गेलो नाही. आज मन थाऱ्यावर नाही, आकडा खरा येणार नाही.

९ मार्च

बायको कॅम्प अर्धा टाकून आली. आधी थेट दवाखान्यात, मग घरी. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. तक्त्यासमोर उभी राहून माझा 'खरी शुगर'चा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. मग सगळी पद्धत विचारली. गणितवाली असल्याने तिला लगेच समजली.

म्हणाली, "मीटर तुमच्यावरून तपासलंत. तुम्हाला कशावरून तपासलंत?"

गेज-रूममध्ये हा प्रश्न मी स्वतः रोज विचारतो. आज मी तो ऐकून सोफ्यावर आडवा झालो. थकवा.

१० मार्च

माणसांचं मीटर आणलं. एकदाचा निकाल लागू दे. औषधाच्या दुकानातून, नवंकोरं, सील फोडून.

२६८.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन मीटरं, आणि दोन्ही एकाच बाजूला चुकतात. बाजारात काय दर्जा उरलाय. मग बायकोने स्वतःचं बोट पुढे केलं. तिची ९४ आली.

मीटर अधूनमधून बरोबरही दाखवतं, असं दिसतंय.

१२ मार्च

ढब्बू घरी आला. मान आणि पाय जरा बारीक झालेत, पण आल्या आल्या तक्त्याखाली बसून ओरडला. डोस पुन्हा सुरू, जेवढा सांगितला तेवढाच. संध्याकाळी मी टोचलं. 'खरी शुगर'चा रकाना खोडून टाकला.

बायको मला हाताला धरून लॅबमध्ये घेऊन गेली. रक्त काढताना मी भिंतीकडे पाहत होतो. भिंतीवर मशीनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट होतं. म्हटलं, बघू. तारीख चालू. मास्टरचा नंबर दिलेला. खाली सही होती, ती मी ओळखतो. आमच्या क्षेत्रातला जुना माणूस आहे, चोख काम करतो, आजवर त्याची एकही चूक मला सापडलेली नाही.

बघायला नको होतं.

१३ मार्च

रिपोर्ट आला. उपाशीपोटीची आणि गेल्या तीन महिन्यांची, दोन्ही. आकडे लिहीत नाही.

माणसांच्या डॉक्टरांनी विचारलं : पाणी जास्त पिता? लघवीला सारखं जावं लागतं? वजन उतरलं? अंधुक दिसतं? दुपारी मरगळ? मी म्हटलं, ही तर ढब्बूची लक्षणं आहेत. बायको म्हणाली, हो, यांनी त्याची सगळी व्यवस्थित लिहून ठेवली आहेत.

१४ मार्च

दुसऱ्या बाजूने विचार केला तर बोक्याला आणि मला एकच आजार असणं ही सोय आहे. एकच सिस्टिम दोघांना. आपण मनावर घेतलं तर दोन महिन्यांत दोघंही बरे. स्वतःशी पैज.

उद्यापासून : पहाटे फिरणे. गोड बंद. बिस्किटं बंद. जॅम, समारंभपूर्वक, बंद.

१५ मार्च

पाऊस. फिरणे उद्यापासून.

१९ मार्च

घड्याळांनी दार वाजवलं. साखळी एका हातात, दुसऱ्या हातात माझे बूट. बायकोने दिले असणार. आता रोज कुत्री, ते आणि मी. कुत्री पुढे असते.

२ एप्रिल

ढब्बूची शुगर उतरतेय. डॉक्टरीणबाईंनी डोस कमी केला. मी तक्ता छान ठेवल्याचं त्या म्हणाल्या. बायको ठेवते, पण तक्ता आखला कोणी?

माझी जरा जास्तच आहे. बिस्किटं सोडून माणसाने लगेच यश मागू नये. शिवाय मी ती पूर्ण सोडलेली नाहीत.

४ एप्रिल

बायकोने इमर्जन्सीचा डबा उघडला. आत फक्त चिठ्ठी. तिने विचारलं, परवा ढब्बूची शुगर खाली गेली असती तर काय चोळलं असतंत, चिठ्ठी?

खूप लागलं ते. दिवसभर घास गेला नाही. म्हणजे दुपारपर्यंत. मधाची नवीन बाटली आणली आणि किल्ली तिच्याकडे दिली. डब्याला कुलूप नाही, म्हणून कुलूपही आणलं.

२६ एप्रिल

मेळावा झाला. डॉक्टरीणबाईंनी आग्रहाने बोलावलं होतं, म्हणाल्या तुमचं उदाहरण सगळ्यांना उपयोगी पडेल. कार्यपद्धती घेऊन गेलो. वाचायची वेळच आली नाही, कारण माझी ओळख करून देतानाच त्यांनी सगळी गोष्ट सांगितली, आकृतीसकट. आकृती त्यांनी जपून ठेवली होती. लोक खूप हसले. ससे पाळणारी एक बाई तर डोळे पुसत होती. नंतर चहाला दोघांनी मला गाठून हळूच विचारलं की शुगर कुठे तपासतात. त्यांना मी लॅबचा पत्ता दिला. मशीन चांगलं आहे, सही माझ्या ओळखीची आहे, असं सांगितलं.

एकूण, कार्यक्रम माझ्याभोवतीच फिरला.

२१ मे

ढब्बू बरा झाला.

डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन थांबवलं. लवकर उपचार आणि योग्य खाणं मिळालं की काही मांजरांच्या बाबतीत असं होतं, म्हणाल्या. आजार परत येऊ शकतो, म्हणून खाणं तेच ठेवायचं आणि अधूनमधून मोजायचं. मी विचारलं, माणसांमध्ये असं किती दिवसांत होतं? त्या म्हणाल्या, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण तो बोका सांगितलेलं सगळं ऐकतो.

घरी येताना ढब्बू पेटीतून बाहेर बघत होता. मी त्याचं अभिनंदन केलं. मनापासून. पैज मी एकट्यानेच लावली होती, त्याला माहीतही नाही की तो जिंकला.

२५ मे, सकाळी सात

फ्रिजवरचा तक्ता बायकोने तसाच ठेवलाय, फक्त वरचं 'ढब्बू' खोडून 'हे' लिहिलंय. वेळा त्याच. सकाळी सात, संध्याकाळी सात. गोळी, खाणं, शुगर, शेरा, सही. मधाच्या डब्यावरची चिठ्ठीही बदलली : 'इमर्जन्सी – हे. चक्कर आली तरच, मला विचारून.'

बोट मी स्वतःच टोचणार होतो. ढब्बूला इतके दिवस मीच टोचत होतो, हात बसलेला आहे. सुई टेकवली, आणि मग निरीक्षकाची गरज जाणवली. शेवटी बायकोने माझी मान मागून हलकेच धरली, "शहाणा माझा तो, झालं, झालं," म्हणाली आणि टोचलं. हेच ती ढब्बूला म्हणायची.

ढब्बू शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं नीट बघत होता. त्याने डोळे मिटले नाहीत. मी मिटले.

शेरा : 'ओरडले.' मी सही केली.

मग मी वाट पाहिली. टोचल्यावर उकडलेल्या चिकनचा एक तुकडा बक्षीस, हा कार्यपद्धतीतला पहिला नियम, माझ्याच हातचा. बायकोने तो पाळला. तुकडा ढब्बूला दिला.